गुहेतली वटवाघळं वाढली की संपली?

मी वाईचा. महाबळेश्वर आमच्या डोक्यावरच, त्यामुळे तिथलं काहीही आमच्या ग्रुपवर येतंच. दिवाळीच्या सुट्टीत एकाने लिहिलं, "रॉबर्स केव्हमध्ये जाऊन आलो, वटवाघळं फारशी नाहीत. आता आत दिवे नि पायऱ्या करायला काय हरकत आहे?" मे महिन्यात दुसऱ्याने व्हिडिओ टाकला, "बघा किती वाढलीत! निपाह पसरायच्या आत बंदोबस्त करा." गुहा तीच, मध्ये गेले सहा महिने. लाइक दोघांनाही भरपूर.

अहो, ती संपलीही नव्हती आणि वाढलीही नव्हती. या गुहेत मिनिऑप्टेरस जातीची कीटक खाणारी वटवाघळं राहतात. आंद्रे ब्रोसे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पश्चिम भारतातल्या वटवाघळांवर १९६२-६३ मध्ये लिहिलं, त्यात ही गुहा आहे. आसपासच्या मुलखात विखुरलेल्या माद्या बाळंतपणाला इथे जमतात, म्हणजे माहेरीच येतात म्हणा ना. मे अखेर-जूनच्या सुमारास पिल्लं होतात, एका मादीला वर्षाला एकच. उघडी, केस नसलेली पिल्लं एकमेकांना चिकटून लटकतात, त्या गर्दीच्या उबेवरच जगतात. पिल्लं उडायला लागली की गर्दी पांगते. त्यामुळे दिवाळीतली गुहा बघून "रिकामी आहे" म्हणणं म्हणजे सुट्टीत शाळा बघून "पटसंख्या शून्य" असा शेरा मारण्यासारखं आहे.

आता अडचण बघा. मे म्हणजे आपला ऐन सीझन. बाळंतिणीच्या खोलीत टॉर्च, आरडाओरडा आणि मोबाइलचे फ्लॅश! माद्या घाबरून उडाल्या की पिल्लं खाली पडतात. खाली पडलेलं पिल्लू बहुधा वाचत नाही.

निपाहचं म्हणाल तर भीती अगदीच हवेतली नाही. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतून नमुने घेतले, काही वटवाघळांत विषाणूच्या खुणा मिळाल्या, २०२१ च्या जूनमध्ये बातम्या आल्या. तेव्हा महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता, हे मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही. त्यात प्रामुख्याने होती फळं खाणारी रूझेटस. त्यांची तर वर्षातून दोनदा वीण होते, म्हणजे त्यांचाही आकडा हलता. धूर करून हुसकावलीत तर ती मरत नाहीत, दुसरीकडे जाऊन बसतात. कुठे? कदाचित तुमच्याच विहिरीत. उष्टं फळ खाऊ नका, वटवाघळाला हात लावू नका, एवढं पाळणं जास्त उपयोगाचं.

माझी मागणी साधी आहे. दिवे, जाळ्या, पायऱ्या यांचा कुठलाही प्रस्ताव यायच्या आधी पूर्ण बारा महिन्यांची मोजणी झाली पाहिजे. एका दिवसाच्या पाहणीवर सही नको. आणि मे ते जुलै गुहेत प्रवेश बंद. हा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे, तर तेवढं जमायला हवं. गाइड मंडळींचं नुकसान होईल म्हणता? गुहेच्या तोंडाशी, लांब उभं राहून, दिवा न लावता संध्याकाळी दाखवा की. मोजणीही तिथूनच करतात. पुढच्या मेमध्ये पाहुणे आले की मी त्यांना तिथवरच नेणार आहे.