फ्लेक्सवर न लिहिलेली ओळ

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या चौकाचौकांत फ्लेक्स इतके चढतात की मागचं दुकान दिसत नाही. मजकूर जवळपास नसतोच: पोरापोरींच्या फोटोंच्या रांगा, ७२०पैकी गुण, वर हाताची घडी घातलेले सर. तरी मराठवाड्यात याहून नेमकी विक्रीची भाषा मी पाहिलेली नाही. सोयाबीन विकून फी भरायला आलेल्या बापाला विशेषणं नको असतात. फोटोखाली ‘अहमदपूर’ किंवा ‘मुखेड’ दिसलं की तो थबकतो. आपल्याकडची पोरगी! गोम न लिहिलेल्या ओळीत असते. ती त्या क्लासात दोन वर्षं शिकली, की शेवटी नुसती टेस्ट सिरीज दिली? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४मध्ये हीच ओळ सक्तीची केली: कोर्सचं नाव, कालावधी, फी भरली होती का, शिवाय फोटोसाठी निवडीनंतर घेतलेली लेखी संमती. ‘दोन वर्षं, रोजचा वर्ग’ असं मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्याकडे मी पोराला आधी नेईन. ‘शंभर टक्के निकाल’वाल्याला मात्र विचारेन, सर, परीक्षेला बसले किती होते?