पहारेकरी ग्रंथी आणि नॅनो कण

गेल्या पावसाळ्यात अडुसष्ट वर्षांच्या एक आजी सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. उजव्या स्तनातील गाठ त्यांच्या हाताला आंघोळ करताना लागली होती. परंतु तीन महिने त्यांनी घरात कोणालाही सांगितले नव्हते. भीती कर्करोगाची नव्हती, हाताची होती. थोरल्या बहिणीची अनेक वर्षांपूर्वी हीच शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतर तिचा हात जन्मभर सुजलेला राहिला. "डॉक्टर, गाठ खुशाल काढा, पण हात तेवढा राहू द्या. भाकरी थापायला लागतो मला," आजी म्हणाल्या.

सुनेच्या पिशवीत एका नातेवाइकाने आणून दिलेली 'नॅनो' थेंबांची बाटली होती. कर्करोगाच्या पेशी शोधून नष्ट करण्याचे आश्वासन तिच्यावर छापलेले होते. आत काय आहे, हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. ती बाटली मी बाजूला ठेवायला सांगितली. गंमत अशी की, पुढे आजींचा हात वाचवण्यात नॅनो कणांचाच वाटा होता; फक्त ते बाटलीतले नव्हते.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर भरते. वैद्यकात वापरले जाणारे नॅनो कण बहुधा शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात. त्यांचा उपयोग समजण्यासाठी काखेची रचना थोडी पाहू.

स्तनाचा कर्करोग पसरू लागला, तर बहुधा प्रथम काखेतील लसिका ग्रंथींत पोहोचतो. म्हणून पूर्वी काखेतील दहा-वीस किंवा त्याहूनही अधिक ग्रंथी सरसकट काढल्या जात. त्यामुळे हातातील लसिकेचा निचरा अडतो आणि काही रुग्णांचा हात सुजतो, जड होतो. थोरल्या बहिणीचे हेच झाले असावे. परंतु स्तनातून येणारी लसिका सर्वप्रथम एक-दोन ठरावीक ग्रंथींतच उतरते. वेशीवरच्या पहारेकऱ्यासारख्या या ग्रंथी निर्दोष निघाल्या, तर मागच्या ग्रंथीही बहुधा निर्दोष असतात.

पहारेकरी ओळखायचा कसा? येथे नॅनो कण कामी येतात. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेले सूक्ष्म कण शस्त्रक्रियेपूर्वी स्तनात टोचतात. कण फार बारीक असतील तर ते ग्रंथीत न थांबता पुढे निघून जातात. फार मोठे असतील तर टोचल्या जागीच बसून राहतात. नेमक्या आकाराचे कण लसिकेबरोबर वाहत पहिल्या ग्रंथीत पोहोचतात आणि तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. गॅमा कॅमेऱ्याच्या चित्रात ती ग्रंथी ठिपक्यासारखी उमटते. शस्त्रक्रियेच्या वेळी हातात धरायचे गॅमा प्रोब तिच्यावर आले की आवाज करते आणि सर्जन तेवढीच ग्रंथी काढून तपासायला पाठवतात. काही ठिकाणी यासाठी निळा रंगही वापरतात. टेक्नेशियमचा किरणोत्सार दर सहा तासांनी निम्मा होतो. चोवीस तासांनी त्याचा सोळावा हिस्सा उरतो.

इटलीतील मिलान येथे उम्बर्टो वेरोनेसी व सहकाऱ्यांनी ५१६ स्त्रियांवर या पद्धतीची तुलना संपूर्ण काख साफ करण्याशी केली. २००३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहारेकरी ग्रंथी निर्दोष असलेल्या ज्या स्त्रियांची काख तशीच ठेवली, त्यांना वेदना कमी झाल्या आणि हाताची हालचाल चांगली राहिली. दहा वर्षांनंतरही त्यांच्या आयुर्मानात उणेपणा आढळला नाही. अर्थात ही तपासणी शंभर टक्के अचूक नाही आणि काखेत आधीच रोग पसरलेला असेल, तर काही वेळा मोठी शस्त्रक्रिया टळत नाही.

उपचारांतही नॅनो कण आहेत. डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयाला इजा करू शकते. ते मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून दिल्यास हृदयाचा धोका कमी होतो. अशा औषधाला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. २०१२ साली तेथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा भारतात तयार झालेले तसेच औषध आयात करण्यास तेथील नियामकांनी परवानगी दिली. या औषधाने तळहात-तळपाय लाल होऊन दुखू शकतात, हे काळजीवाहकांनी लक्षात ठेवावे. अल्ब्युमिनला जोडलेल्या पॅक्लिटॅक्सेलपूर्वी स्टिरॉइड सहसा द्यावे लागत नाही. मधुमेही ज्येष्ठांना त्याचा फायदा होतो. मात्र हातापायांना मुंग्या येणे आणि पांढऱ्या पेशी घटणे टळत नाही.

एकाच कणाने गाठ चित्रात दाखवावी आणि त्यानेच तेथे औषध सोडावे, यावर संशोधन चालू आहे. परंतु प्रवास लांबचा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, प्राण्यांवरील प्रयोगांत टोचलेल्या नॅनो कणांपैकी सरासरी एक टक्क्याहूनही कमी कण गाठीत पोहोचल्याचे दिसले. मग तोंडाने घेतलेले थेंब कर्करोग शोधून काढतील, यावर विश्वास कसा ठेवावा?

म्हणून 'नॅनो' शब्द कानावर आला की तीन प्रश्न विचारावेत: औषधाचे मूळ नाव काय? माझ्याच प्रकारच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता आहे का? ते नेहमीच्या उपचारांसोबत द्यायचे आहे, की ते बंद करून? उपचार बंद करायला कोणी सुचवले, तर आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना भेटावे. स्तनाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर चौथा प्रश्न विचारावा: माझ्यासाठी पहारेकरी ग्रंथीची तपासणी शक्य आहे का?

आजींच्या दोन्ही पहारेकरी ग्रंथी निर्दोष निघाल्या. काख तशीच ठेवली. परवा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी उजवा हात डोक्यापर्यंत उचलून दाखवला आणि म्हणाल्या, "उगाच तीन महिने घालवले." घरातील वडीलधारी माणसे असे महिने निमूटपणे घालवत नाहीत ना, हे तेवढे आजच विचारून पाहा.