बुद्धीची बाटली

नरकचतुर्दशीच्या पहाटे थंडीने दात वाजत असताना, पाटावर बसवून आईने टाळूवर थापलेले ब्राह्मीचे तेल ज्याला आठवत नाही असा मराठी माणूस विरळाच. मलाही ते आठवते. आणि आज ब्राह्मीच्या नावाने चार कडक शब्द लिहायला बसलो तर तोच वास नाकाशी येतो आणि लेखणी अडखळते. तेव्हा आधीच सांगून टाकतो, माझे भांडण त्या वनस्पतीशी नाही. ती बिचारी विहिरीच्या कडेला, ओलाव्याच्या जागी आपल्या नादात वाढत असते. माझे भांडण आहे ते तिला बाटलीत कोंडून, बाटलीवर पहिल्या नंबराच्या मुलाचे चित्र चिकटवून ती आमच्या दहावीच्या वर्गात विकायला आणणाऱ्यांशी. आणि खरे सांगायचे तर ती विकत घेणाऱ्या आपणा सर्वांशी. फराळाच्या ताटापाशी असला विषय काढला म्हणून वहिनींनी रागावू नये. चकली घटकाभर बाजूला ठेवा, इतकेच.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, वर चित्रकलेचा दाखला. नोकरीची निम्मी वर्षे सातारा जिल्ह्यात गेली, निम्मी सांगली जिल्ह्यात. चारदोन कादंबऱ्याही लिहिल्या आहेत, पण त्यांचा इथे संबंध नाही.

एकदा नववीच्या मुलांना मी सांगितले, “उद्या प्रत्येकाने घरची ब्राह्मी आणायची. आपण तिचे चित्र काढू.” दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग पडला आणि माझी पंचाईत झाली. निम्म्या पोरांनी आणली होती ती लांब देठाची, गोल पानाची, कडेला बारीक कातरे असलेली, जमिनीवरून धावत जाणारी वेल. उरलेल्यांनी आणले होते ते जाडसर, बारीक, बिनदेठाच्या जोडपानांचे रोप; त्याला फिकट जांभळट फूलही होते. दोघांत काडीचे साम्य नाही! पोरे आपसांत भांडू लागली. “आमची आजी हीच देते”, “आमच्या वैद्यांनी हीच लावली आहे.” शेवटी एका मुलीने विचारले, “सर, खरी ब्राह्मी कोणती?”

आता सांगा, ज्या औषधावर पोराची अक्कल अवलंबून आहे असे आपण मानतो, ते औषध कोणते याचाच घरोघर पत्ता नाही! खुलासा असा, की सरकारी आयुर्वेदिक औषधसंहिता ब्राह्मी म्हणते ती त्या बारीक जाड पानांच्या रोपाला. तिलाच जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मीही म्हणतात. गोल पानांची ती मंडूकपर्णी, कोकणातला कारिवणा. परंतु आपल्याकडे परसात आणि बाजारात ब्राह्मी म्हणून चालते ती पुष्कळदा मंडूकपर्णीच. दोन्ही औषधी आहेत, दोन्हींना शास्त्रात मान आहे. पण त्या एक नव्हेत. त्यांची कुळे वेगळी आणि त्यांतली द्रव्येही वेगळी.

शास्त्राचा विषय निघालाच आहे तर चरकाकडेही जाऊ. चिकित्सास्थानात बुद्धी वाढवणारी म्हणून जी चार रसायने सांगितली आहेत ती अशी: मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, त्यांतही मान शंखपुष्पीला. या चारांत ब्राह्मी हे नाव नाही. ब्राह्मीचे तूप पुढे येते ते अपस्मार, उन्माद अशा दुखण्यांच्या संदर्भात. आणि तेही रोग्याची प्रकृती आणि पचन पाहून द्यायचे. साताऱ्याला आयुर्वेदाचे शंभर वर्षांहून जुने महाविद्यालय आहे. तिथे पोरे काही वर्षे घासून हे शिकतात. मग वर्गात साठ पोरांना एकाच मापाने एकच पातळ औषध पाजणारा हा विक्रेता कोणत्या चरकाचा शिष्य, हे मला कोणी सांगावे.

दुसऱ्या बाजूचे विद्वान म्हणतील, “हे सगळे थोतांडच!” तसेही नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जलब्राह्मीवर बरेच काम झाले आहे. तिच्यातील बॅकोसाइड नावाची द्रव्ये जगभर अभ्यासली गेली आहेत. प्रौढ माणसांवर प्रयोग झाले. त्यांतून इतके दिसते, की रोज ठरावीक मात्रेत बारा आठवडे घेतली तर नव्याने शिकलेले विसरण्याचा वेग काही जणांत थोडा कमी होतो. थोडा! कोणाला मळमळते, कोणाचे पोट बिघडते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चमचाभर पाजून गणितात गुण वाढतात, असे कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले नाही. मुलांवरचे पुरावे तर फारच तोकडे. वनस्पतीच्या पदरी एवढे थोडके पुण्य आहे. त्या भांडवलावर केवढा मोठा व्यापार उभा आहे पाहा!

आणि कायदा? औषधांच्या नियमांना ‘जे’ नावाचे एक परिशिष्ट आहे. औषधाने कशाचा दावा करू नये त्याची ती यादी. मेंदूची कुवत आणि स्मरणशक्ती वाढवणे हे त्या यादीत आहे. फसव्या जाहिरातींविरुद्धचा कायदा तर १९५४ पासून आहे. पण औषध न म्हणता ‘पूरक आहार’ म्हटले आणि दावा न छापता हसऱ्या पोराचे चित्र छापले, की वाट मोकळी!

आमच्या एका शाळेत असा एक गृहस्थ आला होता. टाय लावलेला, बोलण्यात साखर. पालकांची सभा भरवली. तीन महिन्यांच्या बाटल्या अठराशे रुपयांना. मी उठून विचारले, “यात दोन ब्राह्मींपैकी कोणती आहे?” तो हसला. व्यवस्थापनातले एक वजनदार गृहस्थ मात्र चिडून म्हणाले, “मास्तर, तुम्ही ड्रॉइंगचे. मॅट्रिक. तुम्हाला यातले काय कळते?” सभेत हशा पिकला. मी खाली बसलो. त्या दिवशी बसलो, ही माझी चूक. म्हणून आज लिहितो आहे.

त्या सभेत दहावीतल्या एका मुलीची आई होती. हळदीच्या वखारीत रोजंदारीने जाणारी. तिने पदराच्या गाठीचे पैसे सोडून पहिला हप्ता दिला. ती मुलगी माझ्या तासाला पेंगायची. मी एकदा विचारले, तेव्हा कळले, की पहाटे चारला उठून ती पाणी भरते, भाकरी थापते, धाकट्याला आवरते आणि स्वतः चहावर शाळा गाठते. दुपारच्या सुट्टीत सातवीची पोरे खिचडी खायला बसतात, तिकडे ही बघत नाही. कारण शाळेतला सरकारी आहार आठवीपर्यंत. नववीत गेले की पोराची भूक आपोआप जाते, असे सरकारचे मत दिसते! पोटात अन्न नाही, रक्तात लोह नाही, डोळ्यांवर झोप. आणि आपण तिला पाजतो काय, तर स्मरणशक्तीची बाटली! दिवसा वाचलेले रात्रीच्या झोपेत मेंदूत मुरते, हे आता विज्ञानाने पुरेपूर सिद्ध केले आहे. अठराशे रुपयांत त्या मुलीला तीन महिने रोज मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि एखादे अंडे मिळाले असते. पण शेंगदाण्याच्या पुडीवर पहिल्या नंबराच्या पोराचे चित्र नसते ना!

“बाटली नको, आम्ही ताजी पानेच देतो,” असे म्हणणारे शहाणेही आहेत. त्यांना एकच विनंती: पाने कुठून तोडली ते पाहा. जलब्राह्मी पाण्याकाठची, आणि पाण्यातले शिसे, कॅडमियम असले जड धातू शोषून घेण्याचा तिचा गुण इतका पक्का, की घाण पाणी शुद्ध करायला तिला वापरावे असे शास्त्रज्ञ सुचवतात. आज आपल्या कृष्णेकाठच्या गावांत गटारे कुठे जाऊन मिळतात हे मी सांगायला नको. गटाराकाठची ब्राह्मी बुद्धीसाठी पाजायची, आणि तिच्यातले शिसे पोराच्या बुद्धीवरच घाला घालणार! परसात, स्वच्छ पाण्यावर, कुंडीत लावा. मग चटणी करा, माझी हरकत नाही.

आता एक कबुली. हे सगळे शहाणपण सांगणारा मी स्वतः या बाटलीच्या पायाशी लोटांगण घालून आलो आहे. पाचएक वर्षांपूर्वी आई विसरू लागली. दूध उतू जाई, दार उघडे राही. एकदा तिने मलाच माझ्या मामाच्या नावाने हाक मारली. मी म्हटले, वय झाले. ब्राह्मीचे तूप आणले. आठ महिने तूप चालले आणि आठ महिने आई ढासळत गेली. पायांना मुंग्या येतात, असे ती म्हणे. तेही मी वयाच्या खात्यावर मांडले. शेवटी बहिणीने हट्टाने डॉक्टरकडे नेले. रक्त तपासले, तर ब-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेले. शाकाहारी घरात हे पुष्कळांचे होते. इंजेक्शने सुरू झाली आणि दोनतीन महिन्यांत आई पुष्कळशी परत आली. सगळी नाही आली. पायांच्या मुंग्या राहिल्याच, आणि त्या आठ महिन्यांतले तिला काही आठवत नाही. तुपाने तिला अपाय केला नाही. पण तुपाच्या भरवशावर मी आठ महिने घालवले, त्याने केला. घरातले वडीलधारे विसरू लागले तर आधी ब-१२ आणि थायरॉइड तपासा. तूप कुठे पळून जात नाही.

राहता राहिली आपली परीक्षा. कोल्हापूर मंडळाची असो की आणखी कोणाची, पाठ केलेले ओकून दाखवा, एवढेच तिचे मागणे असेल तर पाठांतराची बाटली खपणारच. पाठांतराला मी नावे ठेवत नाही. पावकी-निमकी घोकणाऱ्या, हरिपाठ तोंडपाठ असणाऱ्या माणसांनी आपले गाव भरले होते. रोज म्हणून म्हणून त्यांनी ते मिळवले होते, चमच्याने कोणी पाजले नव्हते. आमच्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले म्हणतात. त्यांनी १९५९ साली ‘फकिरा’ दिली. आटपाडीकडच्या शेटफळ्याचे गदिमा मॅट्रिकला अडले. पुढे त्यांनीच गीतरामायणाची छप्पन्न गीते रचली. सगळीच नापास पोरे गदिमा होत नाहीत, हे मलाही कळते. पण बुद्धी मोजायची आपली फूटपट्टीच तोकडी आहे, एवढे तरी त्यावरून कळावे. ती फूटपट्टी तशीच ठेवून आपण पोरांना ताणून लांब करायला निघालो आहोत!

ती पेंगणारी मुलगी पास झाली. त्रेपन्न टक्के. बाटलीवाल्याने तिचे चित्र छापले नाही. मी मात्र तिने काढलेले मंडूकपर्णीचे चित्र जपून ठेवले आहे. पानाच्या कडेचा एकेक कातरा तिने मोजून काढला आहे. ज्या पोरीला काही आठवत नाही असे सगळे म्हणत होते, तिने ते चित्र पान समोर नसताना, आठवणीने काढले होते.

यंदाही पहाटे आई पाटावर बसवील आणि टाळूवर ब्राह्मीचे तेल थापील. मी मुकाट्याने डोके पुढे करीन. त्या तेलाने माझी बुद्धी वाढत नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. पण यंदा तिने मला माझ्याच नावाने हाक मारली, की दिवाळी पावली म्हणायची.