'आमच्या माघारी याचे कोण?'

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आईबापांना आयुष्यभर एकच प्रश्न छळतो : 'आमच्या माघारी याचे कोण?' मूल लहान असते तोवर विशेष शाळा असते, शिक्षक असतात, शेजाऱ्यांची सहानुभूतीही असते. अठरा वर्षे पूर्ण झाली की शाळा संपते. कार्यशाळांतील जागा मोजक्या. म्हणून कायद्याने सज्ञान झालेला हा नागरिक ओसरीवर येऊन बसतो तो कायमचा. त्याच्या बरोबरीची मुले कामाला लागतात, संसार थाटतात, मतदान करतात. त्याला मात्र चाळिशीतही 'बाळ' म्हणूनच हाक मारली जाते. 2011 च्या जनगणनेत देशात अशा 15 लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. लाजेपोटी घरात दडविलेली माणसे मोजदादीत येत नाहीत, हे ध्यानात घेता खरा आकडा याहून मोठा असणार. इतक्या घरांचा प्रश्न हा त्या त्या घराचे खाजगी दु:ख मानून समाजवादी चळवळीला पुढे जाता येईल काय?

कायद्याने या प्रश्नाकडे पाठ फिरविली आहे असे नव्हे. 1995 च्या कायद्याने नोकऱ्यांत 3 टक्के आरक्षण दिले, पण ते अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यापुरते. बौद्धिक दिव्यांग माणूस कामगार असू शकतो, ही कल्पनाच त्या कायद्याला शिवली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या कराराला भारताने 2007 साली मान्यता दिली आणि 2016 साली नवा कायदा आला. आरक्षण 4 टक्के झाले. त्यातील 1 टक्का बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, मनोरुग्ण आदी सर्वांना मिळून ठेवण्यात आला. याच कायद्याचे पाचवे कलम दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क देते. तिने अमुकच ठिकाणी राहिले पाहिजे अशी सक्ती होऊ नये आणि तिला वैयक्तिक साहाय्यकासह लागेल ती मदत मिळावी, असे ते सांगते. मात्र हक्क सांगताना खणखणीत असलेला कायद्याचा आवाज साधने देण्याची वेळ येताच मऊ होतो. ही मदत मिळावी यासाठी शासन 'प्रयत्न करील', एवढ्यावरच कलम थांबते. शासनाच्या प्रयत्नांची गती या देशातील गरिबाला नव्याने सांगावयास नको.

तेव्हा संस्था वाढवा, म्हणजे आईबापांची चिंता मिटेल, असे सुचविले जाते. नाशिकमध्ये 1977 साली रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी उभी केली. अशा कामांचे ऋण महाराष्ट्र नाकारू शकत नाही. जेथे शासन नव्हते तेथे ही माणसे उभी राहिली. परंतु भिंती उभारल्या म्हणजे संरक्षण मिळते, हा समज अनुभवाला उतरलेला नाही. 1994 साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेतील काही मतिमंद मुलींची व स्त्रियांची गर्भाशये, मासिक पाळीतील स्वच्छतेचे कारण पुढे करून, शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. स्त्री-संघटनांनी आवाज उठविला तेव्हा तो प्रकार थांबला. पुढे चंडीगडच्या शासकीय संस्थेतच एका बौद्धिक दिव्यांग तरुणीवर बलात्कार होऊन ती गर्भवती राहिली. तिला मूल हवे असतानाही उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सज्ञान स्त्रीच्या संमतीवाचून असे करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली दिला, तेव्हा कोठे तिच्या शब्दाला किंमत आली. दोन्ही प्रकरणांत सारे काही 'त्यांच्या भल्यासाठी'च चालले होते. त्यांचे म्हणणे काय, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

खरा प्रश्न येथे आहे. जो स्वावलंबी नाही त्याला स्वातंत्र्य कसे द्यावे, असे विचारले जाते. पण सर्वार्थाने स्वावलंबी असा माणूस जगात आहे कोण? गिरणी कामगार एकट्याच्या बळावर मालकासमोर उभा राहू शकला नाही; संघटनेच्या आधाराने उभा राहिला. त्या आधारामुळे तो परावलंबी ठरला नाही, स्वतंत्र झाला. बौद्धिक दिव्यांग माणसालाही हाच न्याय लावला पाहिजे. कोणाला पैशांचा हिशेब ठेवण्यास मदत लागेल, कोणाला बसचा मार्ग शिकवावा लागेल, कोणाला रात्रंदिवस सोबत लागेल. ज्याला बोलताही येत नाही, त्यालाही कोणाच्या हातचे खावे आणि कोणाजवळ बसावे हे कळते, आणि ते तो आपल्या परीने सांगतो. मदत किती लागते यावरून माणसाचे नागरिकत्व मोजता येत नाही.

आज ही मदत देते कोण? बहुतेक घरांत आई. तिच्या श्रमाला वेतन नाही, सुट्टी नाही, निवृत्ती नाही. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाची मासिक रक्कम 2012 साली 300 रुपये झाली. त्यानंतर एक तप उलटले तरी तो आकडा हलला नाही. तीही मिळते ती दारिद्र्यरेषेखालील आणि 80 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांनाच. राज्य आपली भर घालते, पण दोहोंची बेरीज करूनही एका माणसाची सोबत विकत घेता येत नाही. कार्यशाळांतून बनलेल्या पणत्या आणि मेणबत्त्या दिवाळीत कौतुकाने खरेदी केल्या जातात. त्या बनविणाऱ्याच्या हाती मजुरी किती पडली, याची चौकशी ग्राहक करीत नाही आणि, खेदाने म्हणावे लागेल, कामगार संघटनाही करीत नाहीत.

कार्यकर्त्यांना यात पुष्कळ करता येण्याजोगे आहे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावयाचा आहे. तो वर्षअखेरीच्या साहित्यवाटपात आणि छायाचित्रांत संपतो की त्यातून पगारी सोबती आणि वस्तीतले छोटे घर उभे राहते, हा प्रश्न ग्रामसभेत आणि पालिकेत विचारला गेला पाहिजे. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरविल्याखेरीज या कारणावरून कोणाचेही नाव मतदारयादीतून वगळता येत नाही. तेव्हा यादीची तपासणी करताना ओसरीवर बसलेल्या त्या माणसाचे नावही पाहिले पाहिजे. सहकारी संस्थांनी त्याला काम द्यावे आणि कामाचे दाम द्यावे. आणि सर्वांत आधी, त्या घरी गेलेल्या कार्यकर्त्याने आईबापांशी बोलून परत न फिरता खुद्द त्याच्याशी बोलावे.

'आमच्या माघारी याचे कोण?' या प्रश्नाला 'देव आहे' किंवा 'संस्था आहे' एवढीच उत्तरे आजवर मिळाली. 'हे गाव आहे' असे तिसरे उत्तर देण्याची जबाबदारी समतेचे नाव घेणाऱ्यांवर आहे. आणि ते आईबापांच्या हयातीतच त्यांना मिळाले पाहिजे.