मदत कुणाची, हिशेब कुणाला?

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी संसदेत दोन आकडे एकाच दमात सांगितले. पहिला आकडा संरक्षणाचा होता: २०२७ पर्यंत संरक्षणावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेणार. दुसरा परदेशी विकास मदतीचा: ती ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणणार. दुसऱ्यातून वाचलेला पैसा पहिल्यासाठी वापरला जाणार होता. हा निर्णय जाहीर करताना मला आनंद होत नाही, असेही ते म्हणाले. तीनच दिवसांनी त्यांच्या विकास मदतीच्या मंत्री अॅनेलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला.

ब्रिटनच्या तिजोरीची चिंता आपण कशाला करायची, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडेल. गाझा, येमेन, अफगाणिस्तान, सुदान इथली छायाचित्रे आपण रोज मोबाइलवर बघतो. हळहळतो, पोस्ट शेअर करतो, जमेल तेवढी रक्कम पाठवतो. पण या देशांतल्या छावण्यांत पीठ पोहोचणार की नाही, हे बऱ्याच अंशी श्रीमंत देशांच्या अर्थसंकल्पातल्या एखाद्या ओळीवर ठरते. ती ओळ कोण लिहितो, कोण खोडतो आणि खोडताना काय कारण देतो, हे समजून घेतल्याशिवाय आपली हळहळ अपुरी आहे. शिवाय आता आपला देशही मदत देणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे. तेव्हा हे प्रश्न आपल्यालाही विचारावे लागणार आहेत.

ब्रिटनची गोष्ट समजायची असेल तर मलेशियातल्या एका धरणापासून सुरुवात करावी लागते. १९८८ मध्ये ब्रिटनने मलेशियाला शस्त्रे विकण्याचा मोठा व्यवहार जुळवत आणला होता. त्याच वाटाघाटींत ‘शस्त्रे घ्या, मदत मिळेल’ असा धागा विणला गेला. पुढे केलांतान राज्यातल्या पेर्गाउ जलविद्युत धरणासाठी २३ कोटी ४० लाख पौंड द्यायचे ठरले. मदत खात्याच्या अधिकाऱ्यांनी हिशेब केला, तेव्हा या धरणाची वीज इतर मार्गांपेक्षा महाग पडणार आणि तो बोजा मलेशियाच्या सामान्य ग्राहकांवर येणार, असे दिसले. खात्याचे सर्वोच्च अधिकारी टिम लँकेस्टर यांनी आपला विरोध लेखी नोंदवला. तरीही १९९१ मध्ये परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी पैसे देण्याचा आदेश दिला.

१९९३ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांच्या अहवालाने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. मग वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट नावाची एक छोटी संघटना थेट न्यायालयात गेली. १० नोव्हेंबर १९९४ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की ही मदत बेकायदा आहे. निकालाचा गाभा साधा होता. मंत्र्याने राजकीय आणि व्यापारी विचार करू नये असे नाही, पण विकासाच्या कायद्याखाली पैसा द्यायचा असेल तर त्यातून आधी खरोखरचा विकास झाला पाहिजे. त्या वेळचा कायदा १९८० चा होता आणि त्यात मदतीचा हेतू लिहिलेला होता. त्या लिहिलेल्या हेतूमुळेच एका छोट्या संघटनेला परराष्ट्रमंत्र्याला कोर्टात उभे करता आले.

या धक्क्यातून ब्रिटन काही गोष्टी शिकला. १९९७ मध्ये विकास मदतीसाठी स्वतंत्र खाते झाले आणि त्याला मंत्रिमंडळात स्थान मिळाले. ‘आमची मदत घ्या, पण माल आमच्याच कंपन्यांकडून घ्या’ ही अट २००१ मध्ये काढून टाकली गेली. २००२ च्या कायद्याने मदतीचा हेतू आणखी स्पष्ट केला: दारिद्र्य कमी करणे. २०११ मध्ये मदतीच्या खर्चावर नजर ठेवणारा स्वतंत्र आयोग आला. २०१३ मध्ये ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांचे लक्ष्य गाठले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये ठरवलेले हे लक्ष्य फार थोड्या देशांनी आजवर गाठले आहे. २०१५ मध्ये तर या ०.७ टक्क्यांचाच कायदा झाला. आता मदत सुरक्षित झाली, असे अनेकांना वाटले.

पण त्या कायद्यात एक पळवाट होती. लक्ष्य चुकले तर मंत्र्याने संसदेपुढे निवेदन ठेवायचे, एवढेच बंधन त्यात होते. लक्ष्य चुकले म्हणून कुणाला न्यायालयात दाद मागता येणार नाही, अशी तजवीज कायद्यातच करून ठेवली होती.

२०२० च्या जूनमध्ये बोरिस जॉन्सन यांनी स्वतंत्र विकास खाते परराष्ट्र खात्यात विलीन करण्याची घोषणा केली. ब्रिटनची मदत म्हणजे आकाशातले एखादे प्रचंड एटीएम झाले आहे, असा त्यांचा सूर होता. झांबियाला आपण युक्रेनइतकीच मदत देतो, युरोपच्या सुरक्षेसाठी मात्र युक्रेन महत्त्वाचा आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. झांबियातली गरिबी किती, हा प्रश्न त्या तुलनेत कुठेच नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोरोनाचे कारण देऊन मदत ०.५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले. १३ जुलै २०२१ रोजी संसदेने २९८ विरुद्ध ३३३ मतांनी या कपातीवर शिक्कामोर्तब केले. २०१५ चा कायदा रद्द झाला नाही. तो आजही कागदावर आहे.

याची झळ कुणाला बसली? मार्च २०२१ मध्ये येमेनसाठी संयुक्त राष्ट्रांनी देणगीदारांची परिषद भरवली. आदल्या वर्षी येमेनवर २१ कोटींहून अधिक पौंड खर्च करणाऱ्या ब्रिटनने या वेळी ८ कोटी ७० लाखांचे आश्वासन दिले. मदत कापणे म्हणजे मृत्युदंड देणे, अशा शब्दांत संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी देणगीदारांना बजावले होते. याच येमेनवर बॉम्ब टाकणाऱ्या सौदी अरेबियाला शस्त्रे विकण्याचे परवाने ब्रिटनने जुलै २०२० मध्ये पुन्हा सुरू केले होते. ‘देशाला परवडत नाही’ हे कारण एका बाजूलाच लागू पडले, हे लक्षात घ्या.

यापेक्षा शांतपणे चाललेला एक प्रकार आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नियमानुसार, आपल्या देशात आलेल्या निर्वासितांवर पहिल्या बारा महिन्यांत होणारा खर्चही ‘परदेशी मदत’ म्हणून मोजता येतो. २०२२ मध्ये ब्रिटनने या नावाखाली सुमारे ३७० कोटी पौंड दाखवले. एकूण मदतीचा हा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग होता. त्यातला बराच पैसा ब्रिटनमधल्याच हॉटेलांच्या बिलांवर गेला. निर्वासितांना छप्पर मिळालेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ते छप्पर सोमालिया किंवा पाकिस्तानातल्या गरिबाच्या ताटातून कापून द्यायचे, आणि आकडा मात्र ‘जगाला मदत’ असा छापायचा, ही हातचलाखी आहे. नियम मोडला नाही, कायदा मोडला नाही. फक्त शब्दाचा अर्थ बदलला.

आता दुसरी बाजू ऐकू. सरकारचा पैसा म्हणजे करदात्यांचा पैसा. लंडनमध्ये उपचारासाठी रांगेत थांबलेली म्हातारी, मँचेस्टरमध्ये घरभाड्याने पिचलेले कुटुंब यांना ‘आमचे काय?’ असे विचारण्याचा हक्क आहे. मदतीत भ्रष्टाचार होतो, सल्लागार कंपन्या मोठा वाटा खातात, हेही खरे. देशहिताचा विचारच करू नका, असे कुठल्याही सरकारला सांगणे भाबडेपणाचे होईल. पण देशहित हे मदतीचे फळ असणे आणि देशहित हीच मदतीची अट असणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेर्गाउच्या निकालाने नेमकी हीच रेषा आखली होती. आणि मदत कापून त्या म्हातारीची रांग काही कमी झाली नाही. २०२५ ची कपात तर उघडपणे संरक्षणासाठीच होती.

ब्रिटन आणि भारत यांच्यातही हा हिशेब झालेला आहे. २०१२ च्या सुरुवातीला भारताने युरोपीय ‘टायफून’ऐवजी फ्रेंच ‘राफेल’ विमानाला पसंती दिली, तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांत ओरड झाली: आपण यांना मदत देतो आणि हे विमान मात्र फ्रान्सचे घेतात! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, २०१५ पर्यंत भारताची आर्थिक मदत थांबवण्याचे ब्रिटनने जाहीर केले. ज्या देशाने दोनशे वर्षे इथून संपत्ती नेली, त्याने दिलेल्या पैशाची अशी आठवण करून दिलेली ऐकली, की मदतीचे एहसान व्हायला किती कमी वेळ लागतो हे कळते.

आज भारत स्वतः देणारा आहे. १९६४ पासून आपण इतर देशांतल्या लोकांना आपल्या संस्थांत प्रशिक्षण देतो. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारीचा स्वतंत्र विभाग झाला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भूतानसाठी २,१५० कोटी रुपये, नेपाळसाठी ७०० कोटी, मालदीवसाठी ६०० कोटी आहेत. अफगाणिस्तानात आपण हेरातजवळचे सलमा धरण आणि काबूलची संसद बांधून दिली, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच अफगाणिस्तानसाठी २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात ३५० कोटी होते, २०२५-२६ मध्ये १०० कोटी आहेत. मधल्या काळात तिथल्या माणसाची भूक कमी झालेली नाही. कपातीला कारणे असतीलही. तिथली सत्ता बदलली, प्रकल्प अडले. पण कुणाला किती द्यायचे हे कोणत्या कसोटीवर ठरते, ते सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. शिवाय आपण सवलतीच्या दराने जी कर्जे देतो, त्यांतला साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्यात, अशी सर्वसाधारण अट असते. ब्रिटनने २००१ मध्ये सोडलेली हीच ती अट.

ब्रिटनच्या तीस वर्षांतून मला एक धडा दिसतो. आकड्याचा कायदा टिकला नाही, हेतूचा कायदा कामी आला. ०.७ टक्के हा आकडा संसदेच्या एका मतदानात कोसळला. ‘ही मदत विकासासाठीच असेल’ हे कायद्यातले एक वाक्य मात्र सरकारला न्यायालयात हरवू शकले, कारण ते वाक्य हातात धरून नागरिक उभे राहू शकत होते. आपल्याकडे आकडाही बांधलेला नाही आणि हेतूही.

तरुण मित्रांनो, इथे आपल्या हातात काहीच नाही असे समजू नका. परराष्ट्र मंत्रालयाला माहिती अधिकाराचा अर्ज तुमच्या मोबाइलवरून ऑनलाइन करता येतो. अमुक देशातल्या अमुक प्रकल्पावर किती खर्च झाला, काम कोणत्या कंपन्यांना मिळाले, तिथल्या लोकांना फायदा झाला की नाही हे कुणी तपासले का, हे विचारा. आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि हा प्रश्न लोकसभेत लावून धरायला सांगा. परराष्ट्र व्यवहारांच्या संसदीय समितीचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात, कॉलेजच्या अभ्यासगटात एक तरी वाचून त्यावर चर्चा करा. येमेनच्या मुलासाठी रडणारा डोळा आणि अर्थसंकल्पाची ओळ वाचणारा डोळा, दोन्ही उघडे हवेत. लंडनच्या सरकारला जाब विचारायचा तर दिल्लीच्या सरकारलाही तोच प्रश्न, त्याच आवाजात विचारता आला पाहिजे.