उद्घाटन म्हणजे उघडणं

किकवी असो की मुंबई, नळाला तोटी बसली की उद्घाटन. पुढारी येणार, फीत कापणार, नारळ फोडणार. मंडपाचे बांबू रोवणारे मंडपाबाहेर. या शब्दाची साल काढून बघायलाच पाहिजे.

संस्कृतात उद्घाटन म्हणजे उघडणं, कडी काढणं. एवढंच. आपलं ‘उघडणं’ हे त्याचं सख्खं भावंड. पण आम्ही गोदीत रोज बोटीचं पोट उघडतो, त्याला कोण उद्घाटन म्हणतं? इंग्रजांचं ‘इनॉग्युरेशन’ तर रोमच्या ऑगरांचं. पाखरं कुठून कुठं उडाली ते बघून शकुन सांगणारे पुरोहित. म्हणजे तिथंही मुहूर्तवालेच!

पण जे उघडायचं ते आधी कुणीतरी बंद केलेलं असतं. कुणी केलं, ते फीत सांगत नाही.

किकवीहून भोर, भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. तिथल्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर, पाणी कुलपात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं, मागोमाग हजारोंनी घेतलं. मुहूर्त नाही, भटजी नाही. नारळ फुटला नाही, आपल्या माणसांची डोकी फुटली. कोर्टकज्जा १९३७ पर्यंत चालला.

याला म्हणायचं उद्घाटन.

म्हणून यापुढं फीत दिसली की पुढाऱ्याला भर मंडपात विचारा, कुलूप कुणी लावलं होतं? उत्तर नाही आलं तर कात्री त्याच्या हातात ठेवू नका.