पाइपाची दोन तोंडं आणि एकच टाइप!

मंडळी, सक्त टाइपांच्या भाषांची फुशारकी आता पुरे झाली. "आमच्याकडे चूक कंपायलरच पकडतो" हे ओकॅमल आणि हास्केलवाले इतकी वर्षं सांगताहेत की आमच्या घरातले भाचे-पुतणेही तेच पोपटासारखं म्हणतात. ठीक आहे. मग पाइपबद्दल बोलू या.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी: पाइप म्हणजे एका चालू प्रोग्रामकडून (म्हणजे प्रोसेसकडून) दुसरीकडे माहिती नेणारी नळी. कल्पना बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांची. केन थॉम्प्सन यांनी ती १९७३ मध्ये युनिक्सात आणली. आपल्या पाणचक्कीला पाणी दुरून जमिनीखालच्या नळीतून येतं आणि चक्कीच्या पात्यांवर पडतं, उलटं कधी जात नाही. तसंच इथे. पाइप मागितला की युनिक्स दोन आकडे देतं, समजा ३ आणि ४. ३ मधून वाचायचं, ४ मध्ये लिहायचं.

हे आकडे म्हणजे शाळेतले हजेरी क्रमांक. बारा नंबर म्हणजे कोण? सातवी अ की ब, हे कळल्याशिवाय उत्तर नाही. प्रत्येक प्रोसेसचा हजेरीपट वेगळा. फोर्क करून जन्मलेल्या पोरीला आईच्या हजेरीपटाची नक्कल मिळते, म्हणून तिच्याकडे ४ चा अर्थ तोच राहतो. परक्या प्रोसेसला नुसता ४ कळवून काही होत नाही. तिथे युनिक्स सॉकेटवरून खास निरोपासोबत तो डिस्क्रिप्टर पाठवावा लागतो. मग कर्नल समोरच्याच्या हजेरीपटात नोंद करतो, तीही पुष्कळदा दुसऱ्याच क्रमांकावर. त्यात आणखी, क्रमांक बंद केला की मोकळा झालेला आकडा पुढच्याला दिला जातो. दाखला नेलेल्या मुलाच्या नंबरवर नवा मुलगा बसवला, आणि जुना नंबर पुकारला की "हजर" म्हणणारा भलताच!

म्हणून ओकॅमलनं हा आकडा झाकून वेगळा टाइप केला, हे मला पूर्ण पटतं. त्यावर वैतागून ऑब्ज.मॅजिक वापरा म्हणणारे मात्र मला मुळीच पटत नाहीत. ऑब्ज.मॅजिक म्हणजे कंपायलरला डोळे मिटायला सांगणं. दुसरा प्रोग्राम चालवायचा असेल तर पाइपाचं तोंड आधी ० किंवा १ वर आणून ठेवावं. तयार क्रिएट_प्रोसेस तेच करतं. आकडा सांगावाच लागत नाही. (हास्केलमध्ये आकडा काढता येतो. निदान लपवाछपवी नाही.)

पण माझं खरं भांडण पुढेच आहे. पाइप मागितल्यावर ही भाषा जी जोडी देते, तिच्यातल्या दोन्ही तोंडांचा टाइप एकच! ओकॅमलात तसंच, हास्केलातही तसंच. पोरीला वाचायच्या जागी लिहायचं तोंड दिलंत तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. प्रोग्राम चालवल्यावर कळतं. पूर्णांक आणि दशांश यांची बेरीज करू न देणारी कडक मास्तरीण इथे मात्र झोपलेली! आणि "युनिक्सच फरक करत नाही" हे उत्तर चालायचं नाही. पाइप जन्मतो त्याच क्षणी कुठलं तोंड कशाचं हे पक्कं ठरलेलं असतं. शिवाय त्याच ओकॅमलात इन_चॅनल आणि आउट_चॅनल हे दोन वेगळे टाइप पहिल्यापासून आहेत की! वरच्या मजल्यावर शिस्त आणि तळघरात अंदाधुंदी, असं का?

रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्येच लिहिलेला. त्या रस्टनं २०२५ मध्ये १.८७ आवृत्तीत पाइप प्रमाण लायब्ररीत आणला तो वाचणारा आणि लिहिणारा असे दोन टाइप देऊनच. लेकीला जमलं ते आईला का जमू नये?

"जुने प्रोग्राम मोडतील" असं आमचे भाचे म्हणतात. अरे, मोडायला कोण सांगतंय? जुनं फंक्शन राहू द्या, शेजारी दोन टाइपांचं नवं ठेवा, आणि पाठ्यपुस्तकात ते नवं शिकवा.